ह्येची आवस खंय आसा?

जुलैचा दुसरा आठवडा होता, मासेमारी बंद, बाहेर पाऊस असा की समोरच्या माडांचे फक्त खोड दिसत होते. माझा भाचा मुंबईहून रात्रीच्या एसी स्लीपर बसने मालवणात उतरला, सकाळी साडेसातला आमच्या पडवीत आला आणि जर्किनच्या आतून त्याने बुटांचा खोका काढला. खोक्यात एक टॉवेल आणि टॉवेलात एक नारिंगी गोळा. मूठभर. पोमेरेनियन जातीचं कुत्र्याचं पिल्लू. "आजीला एकटं वाटतं ना, तू बँकेत गेल्यावर, म्हणून आणलं," असं म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळलेला होता की त्याला ओरडायचं मला सुचलंच नाही. सहा महिने पार्ट टाईम काम करून पैसे साठवले होते पोराने. विकणाऱ्याने सांगितलं होतं, दोन महिन्यांचं आहे, दूध-बिस्कीट खातं, काही त्रास नाही.

आये चष्मा लावून वाकली. आमच्याकडे कुत्रे कायम होते, पण सगळे गावठी, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात राहणारे, रात्री मांगराच्या (लाकडं-गवत ठेवायच्या खोपटाच्या) दारात झोपणारे, उरलेला भात आणि माशाचं डोकं खाणारे. घरात कुत्रा ही गोष्ट आयेला मान्य नाही, तिचं वाक्य ठरलेलं, "कुत्रो खळ्यात रवता, घरात नाय." मी तेच ऐकायच्या तयारीत होते. पण ती बराच वेळ काही बोललीच नाही, नुसता एक बोट त्या पिल्लाच्या पायाच्या तळव्याला लावून बसली, आणि मग भाच्याकडे बघून विचारलं,

"ह्येची आवस खंय आसा?"

याची आई कुठे आहे. भाच्याला माहीत नव्हतं. त्याने आई बघितलीच नव्हती, दुकानात फक्त पिल्लं होती पिंजऱ्यात.

हा सगळा लेख मी त्या एका प्रश्नामुळे लिहितेय. पुढच्या दीड महिन्यात आम्ही दोघींनी जे जे केलं, रात्रीचे अलार्म, गरम पुरचुंड्या, सिरिंजने दूध, कापसाने पुसणं, ते सगळं ते काम होतं जे कुठेतरी मुंबईत एक कुत्री करत होती आणि तिच्याकडून ते काढून घेतलं गेलं. ती एका जागी पडून राहून जे सहज करते ते करायला आम्हाला दोन बायका, एक डॉक्टर, एक वजनकाटा आणि गजराचं घड्याळ लागलं, आणि तरी ते पिल्लू पहिल्याच रात्री आमच्या हातून जाता जाता राहिलं.

नाव त्याच दिवशी पडलं, बोंडू. काजूचं बोंडू पिकल्यावर जो रंग येतो ना, तांबूस पिवळा, तोच रंग. भाचा दुपारच्या गाडीने परत गेला, त्याची परीक्षा होती.

पहिल्या दिवशी आम्ही जे केलं ते कोणीही करेल तेच. गाईचं दूध कोमट करून वाटीत ठेवलं. तो अख्खा वाटीत घुसला, नाकातोंडात दूध, चाटलं थोडं, झोपला. परत दूध. संध्याकाळपर्यंत चार वेळा पातळ शी झाली, पिवळी, पाण्यासारखी. आम्हाला वाटलं प्रवासाने झालं असेल. रात्री खोका माझ्या कॉटखाली ठेवला, टॉवेल बदलला आणि मी झोपले. दहा वाजता झोपले आणि सकाळी उठून बघू म्हटलं. आज मला हे लिहिताना पण पोटात कसंतरी होतं, कारण एवढ्या लहान जिवासाठी दहा ते सहा म्हणजे फार मोठा काळ आहे, आणि मला ते माहीत नव्हतं.

आये रात्री तीनच्या सुमारास बाथरूमला उठते. लाईट गेलेली होती. तिने परत येताना बॅटरी खोक्यावर मारली, हात घातला, आणि मला हाक मारली ती अशा आवाजात की मी उठून उभीच राहिले. बोंडू आडवा पडला होता. मान मागे. अंग गार, तोंडात बोट घातलं तर जीभसुद्धा गार, हिरड्या पांढऱ्या, आणि मागचा एक पाय मधूनमधून थरथरत होता. मला वाटलं संपलं. मी रडायला लागले आणि आये म्हणाली, "रडा नको. शुगर उतारली हा त्येची. माजी उतारता तशीच."

आयेला बावीस वर्षं डायबेटिस आहे आणि ती इन्सुलिन घेते. आमच्या घरात शुगर लो होणं ही ऐकीव गोष्ट नाही, तीन वर्षांपूर्वी एका रात्री तिची ५२ झाली होती, घामाने गाऊन भिजलेला, हात थरथरत होते, बोलताना शब्द घसरत होते. तेव्हापासून ग्लुकोज पावडरचा डबा तिच्या उशाशी असतो. तिने तोच डबा उघडला, वाटीत चमचाभर कोमट पाणी, त्यात पावडर, घट्टसर पेस्ट केली, करंगळी बुडवली आणि त्याच्या हिरड्यांना आतून चोळायला लागली. ओतलं नाही. मी चमच्याने घालायला निघाले होते, तिने माझा हात धरला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काही ओतलं तर ते पोटात जात नाही, श्वासात जातं, हे तिला तिच्या डॉक्टरने माझ्यासमोरच सांगितलं होतं आणि ते मी विसरले, ती विसरली नव्हती.

दुसऱ्या हाताने तिने त्याला स्वतःच्या पोटाशी, लुगड्याच्या आत धरलं होतं. मला म्हणाली चूल पेटव. गॅस होता, पण ती चूलच म्हणते. मी तव्यावर तांदूळ गरम केले, जुन्या पंचाच्या तुकड्यात बांधले, अशा दोन पुरचुंड्या. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला असाच शेक देतात. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरायची, तिथे चटका बसला नाही तरच बाळाजवळ न्यायची. मी म्हटलं दूध गरम करू का, तर "थंड पोटात दूध घालूक नाय. आदी शेक, मगे दूध." हे ती माणसाच्या बाळांवरून सांगत होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हेच सांगितलं, वेगळ्या शब्दात: अंग गार पडलं की पिल्लाची आतडी काम करायची थांबतात, त्यात दूध घातलं तर ते पचत नाही, तिथेच राहतं, नाहीतर उलटून फुफ्फुसात जातं. हिरड्यांवरची साखर तेवढी चालते, ती लगेच द्यायचीच.

वीस मिनिटं असेल, किंवा जास्त, मला काही अंदाज नाही. बाहेर समुद्राची गाज आणि पागोळ्यांचा आवाज. मग त्याने जीभ हलवली. आयेचं बोट चाटलं. मग एक बारीक आवाज काढला, दार करकरतं तसा. सकाळ होईपर्यंत ती तशीच बसून होती भिंतीला पाठ टेकून, अर्ध्या अर्ध्या तासाने मी कोमट पाण्यात ग्लुकोज कालवून बोटावर देत होते, आता तो स्वतः चाटत होता.

सकाळी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात. तिथे म्हशी, बैल, शेळ्या, आमच्या पुढे एक गाभण गाय होती, आणि मी ओढणीत गुंडाळलेला हा गोळा घेऊन रांगेत. डॉक्टरांनी सगळं काम बाजूला ठेवून आधी याला घेतलं, हे मी कधी विसरणार नाही. थर्मामीटर लावला, ९७. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, मोठ्या कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट, महिन्याच्या पिल्लाचं पण १०० च्या आसपास पाहिजे, म्हणजे एवढा शेक देऊनही हा तीन डिग्री खालीच होता. मग तोंड उघडून दात बघितले. पुढचे बारीक दात आलेले, सुळे आलेले, दाढा नुकत्या हिरडीतून वर येत होत्या. म्हणाले, "ताई, हे दोन महिन्यांचं नाहीये. पाच आठवडे, फार तर साडेपाच." मग वजन. औषधांच्या काट्यावर ३८० ग्रॅम.

३८० ग्रॅम. पाव किलो आणि वर थोडं. बाजारात एवढी तर आम्ही कोलंबी घेतो.

मग त्यांनी मला बसवून समजावलं, आणि मला वाटतं हे जरा नीट लिहिलं पाहिजे कारण लहान जातीचं पिल्लू घेणाऱ्या कोणालाच हे दुकानात सांगत नाहीत. साखर शरीरात साठते ती मुख्यतः लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये. पोमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर असल्या जातीच्या पिल्लाचं लिव्हर केवढं, स्नायू केवढे, साठा जवळजवळ नाहीच. त्यात डोकं शरीराच्या मानाने मोठं, आणि मेंदूला साखर सतत लागते. त्यात अंग एवढंसं असल्यामुळे उष्णता भराभर बाहेर जाते, ती टिकवायला पुन्हा साखरच जळते. म्हणजे उपाशी राहिलं की गार पडतं आणि गार पडलं की उरलीसुरली साखर पण संपते. बारा तास एसी बसमध्ये, बिस्किटाच्या तुकड्यावर, वर दिवसभर जुलाब, आणि मग माझी पाच तासांची झोप. मोठ्या जातीचं पिल्लू एवढ्यात तगलं असतं कदाचित. हा नाही.

आणि गाईचं दूध. कुत्रीच्या दुधात फॅट गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त, साधारण ९ टक्के, प्रोटीनही दुपटीहून जास्त, आणि लॅक्टोज मात्र गाईच्या दुधात जास्त. म्हणजे पिल्लाला जे हवं ते कमी आणि जे पचत नाही ते जास्त. जुलाब त्याचेच होते. पिल्लांची वेगळी दूध पावडर मिळते ती कुडाळच्या मेडिकलमधून मागवली, येईपर्यंतचे दोन दिवस काय द्यायचं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं.

घरी आल्यावर आयेने पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिच्या शुगरची वही आणली. दोनशे पानी वही आहे, पानाच्या डाव्या बाजूला तारीख, फास्टिंग, इन्सुलिन किती युनिट. उजवी बाजू कोरीच असायची. म्हणाली ह्येचा वजन हय लिही.

तर वेळापत्रक असं झालं: दर तीन तासांनी खाणं, दिवसा आणि रात्री पण. रात्री अकराचं मी, दोनचं मी, पाचचं आये. बँकेत मी चार दिवस रजा टाकली. पावडर कोमट पाण्यात, प्रत्येक वेळी ताजी, उरलेली फेकून द्यायची. सिरिंजने पाजताना आपण हमखास चूक करतो ती म्हणजे बाळासारखं उताणं धरतो, मीही तसंच धरलं होतं. पिल्लू पोटावर पाहिजे, चार पाय खाली, मान किंचित वर, जसं ते आईला पितं तसंच, आणि थेंब थेंब, त्याच्या चोखण्याच्या गतीने. उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत. नाकातून दूध आलं तर लगेच थांबायचं. पाच आठवड्यांचं पिल्लू खरं तर चाटून खायला लागलेलं असतं, दोन दिवसात बोंडूही ताटलीतून चाटायला लागला, मग दूध पावडरीत मऊ भिजवलेलं पपी फूड, आणि आयेच्या आग्रहाने थोडी उकड्या तांदळाची पेज. पेजेला डॉक्टरांनी हो म्हटलं, पण फक्त पेजेवर ठेवू नका म्हणाले, पेजेत पोट भरतं, वाढ होत नाही. मग त्यात बिनमिठाचं उकडलेलं चिकन, अगदी बारीक वाटून.

खोक्याच्या जागी मोठा पुठ्ठ्याचा बॉक्स आला, अर्ध्या भागात शेकाची पुरचुंडी किंवा टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, अर्धा भाग मोकळा. हे अर्धं मोकळं फार महत्त्वाचं, गरम झालं तर त्याला सरकता आलं पाहिजे, नाहीतर पिल्लं उष्णतेने पण जातात. आमची जमीन शेणाने सारवलेली, पावसात ओल धरते, म्हणून बॉक्स पाटावर. लाईटचा भरवसा नाही म्हणून बल्ब नको. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, इन्सुलिन खराब होईल म्हणून आयेने ओल्या रेतीतल्या मडक्यात ठेवलं होतं. तेव्हा थंड कसं राखायचं ते शिकलो, आता ऊब कशी राखायची ते. तांदूळ तासभर गरम राहतात, मिठाची पुरचुंडी त्याहून जास्त, पण मीठ नको म्हटलं, फाटलं आणि चाटलं तर.

आयेचं बाळंतपणाचं ज्ञान आणि डॉक्टरांचं ज्ञान या दीड महिन्यात सारखं शेजारी शेजारी बसलेलं मी बघितलं. कुठे कुठे ते तंतोतंत एक होतं. तळवा लावून बघणं, अंघोळ घालायची नाही नुसतं कोमट फडक्याने पुसायचं, झोपमोड करायची नाही. अठरा-वीस तास झोपतात ही पिल्लं आणि आलेगेले त्याला खेळवायला उठवायचे, आये सगळ्यांना हाकलायची, आणि बरोबरच होतं ते, जास्त खेळवलं की साखर उतरते. तिने पहिल्या आठवड्यात डोक्यावरून हात फिरवताना म्हटलं, ह्येची टाळू मऊ लागता. मला वाटलं तिला वाटतंय. डॉक्टरांनी दाबून बघितलं तर खरंच, कवटीवर मधोमध शेंगदाण्याएवढी जागा मऊ. छोट्या जातीत असं असतं कधीकधी, बहुतेकदा वाढीबरोबर भरून येतं, पण तोवर डोक्याला काही लागता कामा नये.

आणि कुठे कुठे तिला थांबवावं लागलं. तिला गुटी द्यायची होती. सहाण काढून ठेवली होती, हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ. जायफळ आमच्या परड्यातलंच, घरामागच्या बागेतलं. ते कुत्र्यांना विषारी आहे. मी फोनवर विचारलं म्हणून कळलं. धुरी पण नको म्हणाले, एवढ्याशा फुफ्फुसांना धूर नको. माणसाच्या बाळासाठी ज्या हातांनी आयुष्यभर हे केलं त्या हातांना नाही म्हणणं मला जड गेलं, पण आयेने सहाण धुऊन जागेवर ठेवली आणि एवढंच विचारलं, आणि काय काय चलना नाय ता सांग, लिवन ठेव. मग वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट, जायफळ, माणसांच्या तापाच्या गोळ्या, काजूची कच्ची बी (तिच्या टरफलातल्या चिकाने तोंड भाजतं), सुकी मासळी. सुकी मासळी मी मुद्दाम लिहिली कारण १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा आमच्या घरात रोज तेच असतं, सुका बांगडा, गोलमो म्हणजे सुका जवळा, आणि त्यातलं मीठ याला झेपणारं नव्हतं.

जंताचं औषध दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शीतून शेवयांसारखे जंत पडले, आणि मी घाबरून फोन केला. गोल जंत पिल्लांना आईच्या पोटातूनच येतात आणि दुधातूनही, म्हणून जवळजवळ सगळ्याच पिल्लांना असतात, दर पंधरा दिवसांनी औषध द्यायचं. डोस वजनावर, अगदी ग्रॅमच्या हिशोबाने, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा विकत घेतला. ही अंदाजे द्यायची गोष्ट नाही.

सगळ्यात जास्त भीती पार्वोची, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबाने मारणाऱ्या व्हायरसची. आमच्या खळ्यात काळी असते, गावठी, तिने गेल्या वर्षी मांगरात सहा पिल्लं दिली होती. काळीने एकाही पिल्लाला आम्हाला हात लावू दिला नाही पहिले पंधरा दिवस, आणि आम्हाला काही करावंही लागलं नाही. त्यातली चार आठव्या-नवव्या आठवड्यात उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन तीन दिवसात गेली. तेव्हा आम्ही म्हटलं, पिल्लं जातातच पावसात. आता कळलं ते काय असावं. पार्वोचा व्हायरस मातीत कित्येक महिने जिवंत राहतो, सावलीत आणि ओलीत जास्तच, आणि आमचं खळं म्हणजे सावली आणि ओलच. चपलांना लागून घरात येतो. तेव्हापासून पायरीवर ब्लीचच्या पाण्याने भिजवलेलं गोणपाट, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, येणाऱ्याने चप्पल बाहेर आणि पाय धुऊन आत. बोंडूला जमिनीवर ठेवायचंच नाही. मला त्या चार पिल्लांचं फार वाईट वाटलं, वर्षभराने. काळीला आणि तिच्या उरलेल्या दोघांना पण मग आम्ही लस टोचून आणली.

लस सहा ते आठ आठवड्यांत पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवड्यांपर्यंत. मला वाटायचं डोस पुन्हा पुन्हा म्हणजे ताकद वाढवायला. तसं नाही. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती कधी संपेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून मधे फट राहू नये यासाठी पुन्हा पुन्हा टोचतात. म्हणजे इथेही तीच, आई. ती जवळ नसतानाही काही आठवडे याच्या रक्तात पहारा देत होती. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. लेप्टोची बहुतेकदा पार्वोच्या एकत्र लसीतच असते, आणि कोकणात लेप्टो म्हणजे काय ते कोणाला सांगायला नको, भाताच्या मळ्यात उतरणाऱ्या माणसांना दर पावसात त्याची धास्ती असते, उंदराच्या मुतातून पाण्यात येतो तो कुत्र्यांनाही होतो.

बाहेर न्यायचं नाही आणि तरी जग दाखवायचं, ही कसरत होती. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लू जे बघतं-ऐकतं त्याची त्याला पुढे भीती वाटत नाही. मग मी त्याला कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवून बाजारात न्यायचे, एसटी स्टँड, मासळी बाजार, देवळातली घंटा, मिक्सरचा आवाज, आरतीच्या झांजा. उंचावरून उडी मारू द्यायची नाही, कॉटवरून नाही, पायरीवरून पण नाही, यांचे पुढचे पाय काडीसारखे, सहज मोडतात. गळ्यात पट्टा नाही, छातीचा हार्नेस, यांची श्वासनलिका नाजूक असते. परड्यात नेलं तर हातात, आये आकाशाकडे बघत उभी, घारीसाठी. आणि दिवेलागणीनंतर तर नाहीच, आमच्या वाडीत बिबट्या येतो.

चावायचा मात्र भयंकर. सुईसारखे दात, आणि सोडायचा नाही. भावंडांत असता तर जोरात चावल्यावर दुसरं पिल्लू केकाटलं असतं, खेळ सोडून गेलं असतं, आईने एकदा गुरकावलं असतं, आणि किती जोर लावायचा ते आपोआप कळलं असतं. हे शिक्षण पाचव्या ते आठव्या आठवड्यात होतं आणि नेमके तेच आठवडे त्याच्याकडून काढून घेतले होते. तो चावला की मी "आई गं" करून उठून जायचे, दुसऱ्या खोलीत, अर्ध्या मिनिटाने परत. दिवसातून तीस-चाळीस वेळा. त्याला कळायला महिना लागला.

आपल्याकडे नियम आहे. २०१७ साली, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याखाली, कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आले, त्यात आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. भाच्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्याला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मावशी मी त्याला त्याच्या आईपासून आणलं का. मी म्हटलं तू नाही आणलंस, आधीच आणलेलं होतं. पण पिल्लं मोठी झाली की गोडवा कमी होतो, गिऱ्हाईक कमी होतं, आणि दोन-तीन आठवडे जास्त ठेवायचं म्हणजे लस, जंताचं औषध, खाणं सगळं विकणाऱ्याच्या खिशातून, म्हणून ती लवकर विकली जातात, वय वाढवून सांगून. तुम्ही घेणार असाल तर माझी हात जोडून विनंती आहे, आई बघितल्याशिवाय घेऊ नका. आई दाखवत नसतील तर घेऊ नका. दात बघा, लसीचं कार्ड बघा, आणि पिल्लू खरंच पाच आठवड्यांचं असेल तर कितीही जीव गलबलला तरी आईजवळच ठेवायला सांगा आणि तीन आठवड्यांनी या.

वहीतले आकडे सांगते. १३ जुलै ३८०. दुसऱ्या दिवशी ३७५, त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो नाही. २० जुलै ४४०. जुलैअखेर ५६०. रोज सकाळी आये स्वतःची शुगर बघायच्या आधी विचारायची, "किती झालो?" १ ऑगस्टला होड्या सुटल्या, आणि तीन-चार दिवसांनी आयेने पहिल्या मुडदुशा आणल्या. मुडदुशा आमच्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात, हलकी मासळी म्हणून. तिने नुसत्या पाण्यात उकडल्या आणि परातीत घेऊन, उजेडात दाराशी बसून, एक एक काटा बोटाने चाचपून काढला. अर्धा तास. मग वाटीभर मासळीतली चमचाभर त्याला. त्याने ती कशी खाल्ली ते मला लिहिता येणार नाही. १४ ऑगस्टला ७८०.

मी केव्हाच परत बँकेत जायला लागले होते. दिवसाच्या नोंदी आये करायची, तिचं अक्षर थरथरतं, ओळी खाली उतरतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी वही उघडली, डावीकडे तिची फास्टिंग ११८, उजवीकडे बोंडू ८६५, आणि त्याखाली तिने लिहिलं होतं: "१२ वाजता खाल्लो. ३ वाजता खाल्लो. माज्या लुगड्याक चोखी होतो. आवशीक सोदता. मांडयेर घेतलंय, झोपलो."